पेढ्याच्या वाटीत मी काय घातलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडले तरी मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी बोलून उठत आले. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

गोष्ट एका मांजराची आहे. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या — सुरुवातीला आमची अख्खी गल्ली हसली होती.

मानवतला आमच्या समोरच्या घरात सुशीला सिस्टर राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झालेल्या. माहेर जालन्याचं, ख्रिश्चन. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गल्लीत कुणालाही सुई टोचायची असली की सिस्टर. माझ्या सासूबाईंना शुगर आहे, त्यांचं इन्सुलिन रोज सकाळी सिस्टरच द्यायच्या. साडीचा पदर खोचून यायच्या, "चला मावशी, पोट दाखवा" म्हणायच्या, आणि सासूबाईंना कळायचंही नाही, एवढ्यात झालेलं असायचं. "बाईचा हात हाय का पीस," सासूबाई म्हणायच्या. सिस्टरना स्वतःच्या रूपाचं, घराचं, कशाचंच कौतुक नव्हतं. हाताचं मात्र होतं. तेवढंच होतं.

आणि पेढा. रंगानं अगदी भाजलेल्या खव्यासारखा बोका, म्हणून पेढा. पायरीवर बसला की पायरी भरून जायची, एवढा. एका हिवाळ्यात तो वाळायला लागला. खायचा खूप, पाणी त्याहून जास्त प्यायचा, आणि मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायचा, जुन्या संधिवाताच्या माणसासारखा. सिस्टर त्याला पिशवीत घालून परभणीला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. परत आल्या त्या ओट्यावरूनच ओरडल्या, "मंगल, ऐकलंस का? पेढ्याला शुगर झाली!"

पेढ्याला शुगर! चार दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी दूध बंद केलं, पोळी बंद केली, बिस्किट बंद केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मांजराचं शरीर मांसावर चालतं, पिठाची साखर त्याला पेलत नाही, अर्धं औषध त्याच्या वाटीतच आहे. मग उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. कधी अंडं, कधी येलदरी धरणातून आलेला मासा. दोन वेळा खाणं आणि खाल्ल्यावर सुई. आठवड्यातून एकदा, सिस्टरच्याच हातानं, कानाला टोचून थेंबभर रक्त मशीनवर. तीन-चार महिन्यांत सिरिंजवरच्या दोन रेघांएवढी सुई एका रेघेवर आली. पेढ्याचे पाय सरळ झाले. डॉक्टर म्हणाले होते, असंच खाणं सांभाळलं तर सुई कदाचित बंदही होईल. सिस्टर हे मला सांगताना — तो चेहरा मला आठवतो. नको म्हटलं तरी आठवतो.

बघा, मी अजून मुद्द्यावर आलेच नाही.

उन्हाळ्यात सिस्टरना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला जालन्याला भाचीकडे जायचं होतं. वीस दिवस. पेढा त्यांनी माझ्यावर सोपवला. आठ दिवस शेजारी बसवून सुई शिकवली. कातडी कशी चिमटीत धरायची, रेघ कशी बघायची. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, हे तीनदा वदवून घेतलं. चिकन उकडून, डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. रोज काय खाल्लं ते लिहायला एक वही दिली. "मला ठाव हाय तुमच्यात चालत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुला शिजवायचं न्हाई, नुसतं वाटीत काढायचं." आम्ही माळकरी. तरी सासूबाई स्वतः म्हणाल्या, "घाल बाई त्याला जे लागतं ते. मुक्या जीवाचा आपल्याला कसला इटाळ?"

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की घरच्यांमुळे मला जमलं नाही. घरच्यांनी मला कधी अडवलंच नव्हतं.

पाच-सहा दिवस नीट गेले. मी हाताला कॅरीबॅग गुंडाळून डबा उघडायची, श्वास रोखून चिकन वाटीत टाकायची. मग आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज नाही, वैशाखाचं ऊन. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फ्रीज उघडला तर कुजका वास अंगावर आला. सगळे डबे मी नाकाला पदर लावून फेकून दिले.

आता ताजं आणायचं. एवढंच तर होतं ना? स्टँडजवळ चिकनची दुकानं आहेत. मी गेले. खरंच गेले, दोनदा गेले. पहिल्या वेळी दुकानासमोर आमच्या भजनी मंडळातल्या एक बाई रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी कोथिंबीर घेऊन परत आले. दुसऱ्या वेळी कुणीच ओळखीचं नव्हतं. तरी परत आले. मंगलताई कोंबडीच्या दुकानात उभी होती, असं कुणी बोलेल — एवढ्याच भीतीनं. मुलगी परभणीला शिकत होती, तिला एका फोनवर आणायला सांगता आलं असतं. निदान अंडी तरी. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात अंडी मिळतात. मी त्या दुकानातून ग्लुकोजची बिस्किटं आणली.

दुधात पोळी कुस्करली. वर दोन बिस्किटं.

पेढ्यानं वाटी चाटून पुसून स्वच्छ केली. आणि माझ्या पायाशी येऊन अंग घासलं. इतके दिवस तो मला लांबूनच बघायचा. त्या दिवशी मांडीवर येऊन बसला. मला बरं वाटलं. काय सांगू — खूप बरं वाटलं. मी म्हटलं, एक दिवस काय होतंय? उद्या आणू.

तो उद्या आला नाही. रोज दूध-पोळी, कधी दूध-भात. सुई मात्र वेळेवर, एक रेघ, अगदी बरोबर. आणि वहीत रोज, दोन्ही वेळेला, चांगल्या अक्षरात: चिकन. चिकन. चिकन.

मला माहीत नव्हतं असं नाही. सिस्टरनी समजावलं होतं, मला समजलं होतं. पाण्याचं भांडं पुन्हा दिवसात तीनदा रिकामं व्हायला लागलं, ते मीच भरत होते. त्याच्या लघवीचं मातीचं घमेलं चिंब व्हायचं, ते मीच बदलत होते. संध्याकाळी सिस्टरचा फोन यायचा. "पाणी लय पितोय का गं?" मी म्हणायची, "नाही हो सिस्टर, मजेत आहे. तुम्ही डोळ्याला जपा."

त्या काळा चष्मा लावून परत आल्या. माझ्यासाठी जालन्याहून साडी आणली होती. पेढ्याला उचललं, दाराच्या उजेडात धरलं, चष्मा वर केला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "मंगल, मलाच बारीक दिसायलाय का खरंच बारीक झालाय हा?"

तेव्हा सांगायचं होतं. शब्द तोंडात होते. त्यांनी वही उघडली, पानं चाळली आणि मला म्हणाल्या, "तू तर समदं केलंस गं." मी साडीची घडी हातात धरून उभी राहिले.

मशीननं आकडाच दाखवला नाही, साखर मशीनच्या आवाक्याच्या वर होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पेढ्याला घेऊन परभणीला गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी विचारलं, "खाण्यात काही बदल झाला होता का?"

सिस्टर माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. "न्हाई डॉक्टर. मी नव्हते तर हिनं बघितलं. माझ्यापरीस नीट बघितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना ताई? दूध, पोळी, काही? तसं असेल तर आपण सुई वाढवणार नाही, आधी खाणं जागेवर आणू. खाणं तेच असून साखर चढली असेल तर मात्र सुई वाढवावी लागेल."

याहून सोपं करून कुणी विचारेल का? दार उघडून धरलं होतं त्यांनी. समोर सिस्टर बसलेल्या. मी म्हणाले, "नाही. तेच खाणं."

एका रेघेच्या तीन झाल्या.

मला तेव्हा सगळं कळलं होतं का, असं मी मलाच विचारत असते. सगळं नसेल. पण एवढं कळलं होतं की माझ्या खोट्यावर औषध मोजलं जातंय. आणि त्या संध्याकाळपासून पेढ्याच्या वाटीत पुन्हा चिकन पडणार, साखर आपोआप उतरणार, आणि वरून तीन रेघा — हे डोक्यात जुळवायला डॉक्टर व्हावं लागत नाही. एकदा दुपारी भांडी घासता घासता ते जुळलंही. हात थांबले. मग मी पुन्हा भांडी घासायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरची हाक आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पेढा फरशीवर आडवा, पाय ताठ, तोंडाला फेस, अंगाला झटके. सिस्टर त्याच्या हिरड्यांना मध चोळत होत्या. "साखर उतरली याची, पार उतरली! गाडी बघ मंगल, गाडी!" माझा नवरा जीप घेऊन आला. सिस्टर मागच्या सीटवर, पेढा टॉवेलात, त्यांचं बोट सारखं त्याच्या तोंडात. मी त्यांच्या शेजारी. तेव्हा तरी बोलायचं ना? डॉक्टरला फोनवर खरं सांगायचं ना? मी खिडकीची काच खाली-वर करत राहिले.

पेडगावच्या पुढं झटके थांबले. मला वाटलं, बरं वाटलं त्याला. सिस्टरना कळलं होतं. त्यांनी त्याच्या तोंडातून बोट काढलं, पदराला पुसलं आणि गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला शांतपणे म्हणाल्या, "दादा, फिरवा गाडी."

घरी आल्यावर त्यांनी सिरिंज काढली. चष्म्याजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ. "तीनच भरल्या व्हत्या का मी? का पाच भरल्या? मला कुठं नीट दिसायलंय, मंगल. मी घाई केली. माझ्या हातानं गेला तो."

मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई वाट बघत बसल्या, सिस्टर आल्या नाहीत. मी बोलवायला गेले तर दारातूनच म्हणाल्या, "तूच दे मावशीला. तुला येतं आता. माझ्या हाताचा भरवसा न्हाई राहिला." त्यानंतर त्यांनी कुणालाच सुई दिली नाही. लोक यायचे, विनवायचे. "डोळे गेले माझे," म्हणायच्या. डोळे चांगले झाले होते. दुपारी ओट्यावर बसून पेपर वाचायच्या की. पण माणसं यायची थांबली, मग सिस्टरही ओट्यावर येईनाशा झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात भाची येऊन त्यांना जालन्याला घेऊन गेली. मी सामान बांधायला मदत केली. लोक म्हणाले, मंगलनं सख्ख्या बहिणीसारखं केलं.

तिकडे त्या आजारी पडल्या तेव्हा मी भेटायला गेले. एकदाच. खाटेवर इवल्याशा झाल्या होत्या. भाची आत चहा करत होती. मी ठरवून गेले होते, आज सांगायचंच. रेल्वेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच माझा हात धरला.

"मंगल, एक पाप हाय माझ्या मनात. पेढा गेला तवा मी तुझ्यावर वहीम घेतला व्हता. म्हणलं, हिनं कायतरी दुसरं खाऊ घातलं असंल. चार दिवस माझ्या मनात तेच व्हतं. तू एवढं केलंस, आन् मी असा इचार केला. मला माफ कर गं."

त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे अगदी स्वच्छ.

आणि मी — हीच ती गोष्ट, हेच मला सांगायचं होतं, मांजराचं नाही — मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनात ठेवू नका सिस्टर. मी माफ केलं तुम्हाला."

त्यांनी डोळे मिटले. केवढं समाधान होतं चेहऱ्यावर. मी चहा प्याले, भाचीला दोन गोष्टी विचारल्या, निघाले. परतीच्या गाडीत मला रडू आलं नाही. सेलूच्या स्टेशनवर भूक लागली, मी खिडकीतून भजी घेतली आणि सगळी खाल्ली. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं.

नाताळाच्या थोडं आधी सिस्टर गेल्या. मी दिलेली माफी घेऊन गेल्या.