अप्पा टिपणीसांचं बुधवारचं काम

मुगभाटातल्या अप्पा टिपणीसांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, अशी त्यांच्या मुलाची, राजसची, समजूत आहे. हसावं की रडावं? फोर्टमधल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात या माणसाने एकतीस वर्षं काढली. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील त्याच ऑफिसात शिपाई लागले, आणि अप्पांनी मला दर रविवारी घरी बोलावून हे काम शिकवलं. आज लालबागला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे ते त्या रविवारांमुळे.

अप्पांचा एक नियम होता. फोन फक्त कामासाठी. ट्रंक कॉलच्या जमान्यातला माणूस, तीन मिनिटांत काम सांगायचं आणि ठेवायचं. लहानपणी राजस मित्राशी फोनवर रेंगाळला की अप्पा समोर येऊन उभे राहायचे. "काम झालं ना? मग ठेव." पोरगं शिकलं. इतकं नीट शिकलं की टोरांटोला गेल्यावरही कामाशिवाय वडिलांना फोन करीना. तेव्हा काही अडलं नाही, कारण कालिंदीकाकू होत्या. त्यांना बोलायला काम लागायचं नाही. शेजारची मांजर व्याली एवढ्यावर त्या लेकाशी अर्धा तास बोलायच्या, आणि अप्पा पेपराआडून सगळं ऐकायचे. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि ते ऐकणंही संपलं.

पुढच्या वर्षी प्रिंटर बघायला गेलो, तर अप्पांच्या कॉम्प्युटरवर आपोआप येणारे अपडेट बंद केलेले दिसले. "आधी विचार, मग उतरव" अशी सेटिंग. ही काही चुकून बदलणारी सेटिंग नाही. पार आत जाऊन, शोधून, मुद्दाम बदलावी लागते.

"अप्पा, हे कोणी केलं?"

"मी."

"कशाला?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "राजसला फोन करायला काम लागतं रे."

सॉफ्टवेअरची कंपनी अपडेट सोडते ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या वेळेने. आपल्याकडे बुधवार उजाडतो तेव्हा पडद्यावर प्रश्न आलेला असतो, उतरवू का? अप्पा साडेसातला आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसत आणि फोन लावत. तिकडे रात्रीचे दहा, राजस जेवून मोकळा. "अरे, हे पुन्हा काहीतरी विचारतंय. मी दाबू का? तू लाईनवर राहा, मला भीती वाटते."

भीती! एकेकाळी या माणसाने अख्ख्या विभागाला कामाला लावलं होतं.

मशीन जुनं, अपडेटला चाळीस मिनिटं लागायची. पडद्यावरची पट्टी सरकत असायची आणि बापलेक बोलत असायचे. जेवायला काय होतं, थंडी किती आहे, राजसची धाकटी लेक मनू शाळेत काय करते. कधी मनूच फोनवर येऊन विचारायची, "आजोबा, किती टक्के झाले?" मी कितीदा म्हटलं, वेगवान एसएसडी डिस्क टाकून देतो, दहा मिनिटांत होईल. "दहा मिनिटं घेऊन मी काय करू?" असं म्हणून ते मला चहा द्यायचे. हे राजसला सांगायचं नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता.

गेल्या डिसेंबरात राजस आला. तिसऱ्याच दिवशी त्याने मला घरी बोलावलं. "निलेशदादा, एकदाचं अप्पांचं टेन्शन घालव. दर महिन्याला किती घाबरतात रे! तिकडे बसून मला कसंतरी होतं. नवी डिस्क टाक, सगळं ऑटोमॅटिक कर. त्यांना काही विचारायलाच नको."

मुलगा मनापासून बोलत होता. मी अप्पांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत उभे होते. मी दिलेला शब्द पाळला आणि माझ्याच हाताने सगळं ऑटोमॅटिक केलं. आयुष्यात इतकं चोख आणि इतकं नालायक काम मी दुसरं केलेलं नाही.

त्यानंतर तीन महिने तोंड दाखवायची लाज वाटली. मार्चमधल्या त्या बुधवारी मात्र न राहवून साडेसातला गेलो. अप्पा खुर्चीत होते, अंगात इस्त्रीचा सदरा. पडद्यावर फक्त एवढंच की अपडेट झालेला आहे. पहाटेच केव्हातरी, कोणालाही न विचारता.

माझं डोकं सणकलं. "सरका अप्पा. दोन मिनिटांत पूर्वीसारखं करून देतो."

त्यांनी माझा हात धरला. "नको. पोराने काळजीने केलंय. ते मी कसं मोडू?"

"मग सरळ फोन करा! बाप आहात, काम कशाला हवं?"

अप्पांनी फोन पुढ्यात ओढला. मग त्यांनी खरोखरच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. बहुधा माझा आधार वाटला असावा.

"हां अप्पा! काय झालं? कॉम्प्युटर बिघडला?"

"नाही रे. छान चाललाय."

"मग? तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

अप्पांचे ओठ नुसतेच हलले. मांजर, थंडी, मनू, काय वाटेल ते बोला हो, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"मग फोन कशाला केलात अप्पा?" राजस चिडला नव्हता, त्याला खरंच काळजी वाटत होती.

"तेच सांगायला," अप्पा म्हणाले. "की आता काही बघावं लागत नाही."

"चला, बरं झालं. ठेवू मग?"

"ठेव."

फोन टेबलावर ठेवून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. तोही पटकन बंद झाला.

"पूर्वी चाळीस मिनिटं लागायची रे," अप्पा म्हणाले, आणि सदऱ्याची बटणं सोडायला लागले.