नावाड्याचा अध्याय

“नावाडी कुठं गेला? मास्तर, पान उलट मागं!”

म्हातारा तांडेल असा ओरडला की ठाण्याच्या खाडीतले बगळे उडाले ते थेट कल्याणला जाऊन बसले. मी शाळामास्तर, ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेला. माझा चष्मा नाकावरून उडाला तो अजून सापडायचा आहे.

पुस्तक म्हणजे मुंबईहून छापून आलेली नवी कादंबरी. आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर एका गावाच्या आठवणींचं काय झालं, ते तीत एकेक जण आपल्या तोंडानं सांगतो. तारमास्तर सांगतो, इंजिनवाला सांगतो, रूळ टाकताना नवरा गेलेली बाई सांगते. तिसऱ्या प्रकरणात एक नावाडीही बोलतो.

रोज दुपारी मी ती आळीला वाचून दाखवी. पण आळीला सवय पोथीची. त्यांनी पुस्तक पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. त्या बाईच्या प्रकरणाला माझी आई इतकी रडली की ओसरी दोनदा पुसावी लागली. समाप्तीला शिरा झाला. पोथीच्या शेवटी सगळ्यांना फळ मिळतं, कुणी तसंच राहत नाही. त्या भरवशावर तांडेल तिसऱ्या प्रकरणापासून खांबाला टेकून बसला होता. शेवटच्या प्रकरणात सगळे परत आले, अगदी तारमास्तरची मांजरसुद्धा. नावाडी तेवढा आला नाही. लिहिणारा त्याला साफ विसरला होता.

तांडेलानं अर्धं आयुष्य आपल्या नावेतून ठाण्याहून कल्याणला माणसं नेली. खाडीवर पूल झाला, गाडी धावली, नाव रिकामी झाली. आळीत नव्यानं आलेल्या सुनांना तर अशी काही नाव होती हेच खरं वाटेना. आता पुस्तकातूनही तो गेला. तांडेल प्रसाद न घेताच उठला.

आईनं त्याच्या वाटणीचा शिरा झाकून ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, शेवटची पानं छापखान्यातून जोडलेलीच आली होती, कापायची राहिली होती, त्यात नावाडी सापडला. आणि धडाधड वाचत सुटलो. नावेत अख्खी वरात घातली, नवरदेवाचा घोडा घातला, पारसिकच्या डोंगराएवढी लाट आणली. नावाड्यानं एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्यानं घोडा धरला. शेवटी भर ओहोटीत नाव कोलशेतला लावून त्यानं वऱ्हाड उतरवलं. बायकांनी डोळे पुसले. माझ्यासमोरच्या पानावर होती ती हिवतापाच्या गोळ्यांची जाहिरात.

तांडेल डोळे मिटून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं शिरा घेतला, सावकाश खाल्ला, हात धुतला.

“ओहोटीला कोलशेतला नाव लागत नाय, चिखल असतो,” तो म्हणाला. “तेवढं खोडून नीट लिव, मास्तर.”