मसाजवाली सीट आणि आईचे गुडघे

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून आत्ताच लिहून मोकळा होतो.

आईचे गुडघे दुखतात. जीपमध्ये चढताना तिचे हाल होतात, म्हणून बसायला सोपी अशी महागाची सेडान घ्यायचं मनात होतं. आज शोरूमचा माणूस गाडी घेऊन भिंगारला घरी आला. मागच्या सीटला चक्क मसाज. आई बसली आणि म्हणाली, "लई मऊ हाय रे."

म्हटलं, मळ्यापर्यंत चालवून बघू. हायवेवर गाडी लोण्यासारखी गेली. मळ्याच्या रस्त्याला पहिल्याच स्पीडब्रेकरवर खालून खर्रकन घासली. आमच्याकडे ज्याच्या दारातून रस्ता जातो, तो स्वतःच सिमेंट आणून स्पीडब्रेकर घालतो, आणि शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच घालतो.

पुढचा स्पीडब्रेकर दिसताच शोरूमवाला मागे वळून नम्रपणे म्हणाला, "काकू, जरा उतरता का? वजन कमी झालं की घासणार नाही."

आई उतरली, चालत पलीकडे गेली, पुन्हा बसली. त्याच्या पुढच्यालाही तेच. मी चिडलो तर हा म्हणतो, "सर, या गाडीला रस्ता चांगला लागतो." म्हणजे रस्ताही तुमच्याकडूनच घ्यायचा का?

शेवटी आई उतरली ती परत बसलीच नाही. "तुमी व्हा म्होरं, मी येते चालत." आणि मळ्यात ती आमच्या आधी पोचली.

तर मंडळी, जीपला खाली एक जादा पायरी लावून देणारा चांगला वेल्डर कोणाच्या ओळखीत आहे का?