माशाच्या तेलातली मोटार

“मांजरं हाकला! अरे, आधी मांजरं हाकला!” काका शेडच्या दारात उभे राहून ओरडत होते. अंगात बनियन, हातात होडीचं वल्हं आणि आवेश असा की वसईच्या पाचूबंदरावर पोर्तुगीज परत उतरलेत आणि त्यांना एकट्यानं थोपवायचंय.

आत मी होतो. माझ्या हातात पेटता ब्लोलँप, समोर मोटारीचं उघडं बॉनेट, आणि इंजिनाच्या पोटातून मधासारखा एक जाड ओघळ सावकाश खाली उतरत होता. मी उगाच फुगवून सांगत नाही, पण त्या वासानं विरारपर्यंतच्या मांजरांची दुपारची झोप मोडली असणार. पत्र्यावर मांजरं, जाळ्यांच्या ढिगावर मांजरं, मोटारीच्या मागच्या चाकावर तर एक बोका पुढचे दोन पाय टेकवून असा उभा होता की जणू पंक्चर बघतोय. दोनशे असतील. माझी बायको म्हणते बारा. ती तिथं नव्हती.

“फिटर, अजून तापव!” काकांनी एका मांजरीला वल्ह्यानं वाट दाखवत हुकूम सोडला.

“काका, अजून तापवलं तर इंजिन तळून निघेल.”

“तर तल! पन फिरलं पायजे!”

माझं वालीवला लेथचं वर्कशॉप आहे. दारावर पाटी आहे, पाटीवर माझ्या नावापुढे ‘प्रोप्रायटर’ लिहिलेलं आहे. तरी काका मला पहिल्या दिवसापासून फिटरच म्हणतात. होडीचा शाफ्ट घासून घ्यायला ते पहिल्यांदा आले, तेव्हा चहा पिता पिता सहज म्हणाले, “फिटर, घरी एक मोटार हाय. बंद हाय. बघशील काय?” मला वाटलं, असेल एखादी जुनी फियाट. म्हटलं, बघू कधीतरी. मग रविवारी त्यांच्या घरी गेलो, त्यांनी शेडचं दार ओढलं, आणि मी जो आ वासला तो मिटायला बायकोला फोन करावा लागला.

दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार. विलायतेतली. लांबलचक नाक, कमरेइतकी दारं, तारांची चाकं. जमिनीला इतकी लागून की खाली वाकून आदब दाखवल्याशिवाय आत बसताच येऊ नये. अशी मोटार मी आयुष्यात फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. आणि ती कुठं उभी? तर कोळीवाड्यात, सुक्या बोंबलांची पोती आणि फुटक्या थर्माकोलच्या पेट्या यांच्या मध्ये. रंग कोणता ते कळेना, कारण नखशिखांत तपकिरी, चकचकीत, चिकट असा लेप. पाघळलेल्या गुळात बुडवून काढल्यासारखी.

ती काकांकडे आली कशी, याच्या कहाण्या बऱ्याच आहेत आणि सगळ्या काकांनीच सांगितलेल्या आहेत. समान भाग एवढा, की काका ऐन तरुण असताना मुंबईचा कुणी शौकीन शेट ती घेऊन कळंबच्या वाळूत मिरवायला गेला. मोटार रुतली. भरती आली. शेट पाण्यात उभा राहून रडायला लागला. काकांची होडी जवळच होती. त्यांनी दोर टाकून मोटार ओढून काढली. खारं पाणी प्यालेली मोटार आता मेलीच असं समजून शेट म्हणाला, घेऊन जा. काकांना फुकट घेणं पटेना, म्हणून त्यांनी बदल्यात पापलेटं दिली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्धी टोपली पापलेटं होती. आता होडीभर झालीत. माझ्यासमोरच वाढली, त्यामुळे शंका घ्यायला जागा नाही.

काकांनी ती मोटार खोलून, गोड्या पाण्यानं धुऊन चालू केली आणि दोनेक वर्षं गावभर फिरवली. मग लग्न झालं. काकी घरात आल्या, त्यांनी शेडमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, “हिला छप्पर कुठं हाय?” काका म्हणाले, अशीच असते. काकी म्हणाल्या, “मंग ती तुझी आनि तुझीच. ह्या सवतीच्या मांडीवर मी बसनार नाय.” आणि खरंच कधी बसल्या नाहीत. पुढे ती कशानंतरी बंद पडली, मुलं झाली, होडी मोठी झाली, आणि मोटार शेडात राहिली ती चाळीसेक वर्षं.

पण काकांनी तिला टाकलं नव्हतं. हीच तर भानगड. खारं पाणी लागलेली वस्तू कशी टिकवायची, हे कोळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पावसाच्या आधी होड्या वर ओढतात, तेव्हा लाकडाला माशाचं तेल पाजायचं, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा रिवाज. होडीला तेल दिलं की उरलेला डबा घेऊन काका शेडमध्ये यायचे आणि मोटारीला द्यायचे. दर वर्षी, न चुकता. त्यामुळे पत्र्याला गंजाचा डाग नाही! समुद्राच्या वाऱ्यात आमच्या सोसायटीचं गेट चार वर्षांत चाळण होतं, आणि ही बया पाहा.

“काका, हे तर तुम्ही फारच शहाणपणाचं केलंत,” मी म्हणालो.

काका खुलले. “आतूनपन दिलंय.”

“आतून म्हणजे?”

“प्लग काढून. भोकात. कारबोरेटरमदी पन. दर वरसाला.”

मी खाली बसलो. स्टूल नव्हतं, तरी बसलो. माशाचं तेल लाकडात मुरतं, पत्र्यावर सुकून वार्निश होतं. आणि इंजिनात? इंजिनात त्याची चिक्की होते. मी प्लग काढून टॉर्च मारला, तर सिलिंडरमध्ये खरंच चिक्की होती. फक्त शेंगदाणे नव्हते.

तरी मी हे काम कधीतरी सावकाश केलं असतं. पण त्याच सुमारास काकींच्या लेकानं आखातातून पैसे पाठवून आईसाठी मोठा फ्रीझर मागवला. काकी अजून बाजारात मासळी विकायला बसतात, उरलेला माल बर्फात घालून घालून त्यांचे हात सुन्न पडायचे. फ्रीझर हवाच होता, आणि तो राहील एवढी जागा एकट्या शेडमध्ये होती. काकींनी भंगारवाल्याला सोमवारी बोलावलं आणि नवऱ्याला एक सवलत दिली. “रविवारी मी चर्चातल्या मिसाहून येते. तवर ती आपल्या पायानं शेडभाईर आली, तर दारात राहील. नाय आली, तर सोमवारी हातगाडीवर जाईल. ढकलून काढलेली चालनार नाय, मना कलेल.”

नंतर काका मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “फिटर, मी आता होडीवर जात नाय. गुडगं गेलं. पोरं होडी चालवतात, मना किनाऱ्यावर उभं करतात. ही तरी माज्या हातानं चालूदे.”

झालं. मी वर्कशॉपला कुलूप लावलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, परदेशी जॉब आहे.

रॉकेल ओतलं, थिनर ओतला, रात्रभर मुरवलं. पान्याला सहा फुटी पाइप लावून मी त्याला लोंबकळलो. माझं वजन मी सांगत नाही, पण पाइप वाकला, मोटार शेडसकट हलली, इंजिन मात्र हललं नाही. मग सुचला ब्लोलँप, आणि मग ती मांजरं.

तर त्या दुपारी, तो ओघळ वाहत असताना, मी पुन्हा पान्याला लागलो. काका वल्हं टाकून पाइपाला येऊन भिडले. “हैय्या!” त्यांनी होडी ओढायची आरोळी दिली. आणि सरकलं. केसभर. आत कुठंतरी जुन्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला, कुणाला ते मलाही ठाऊक नाही.

त्यानंतर भराभर होत गेलं. कार्बोरेटर सोड्याच्या पाण्यात उकळायला हवा होता. काकांनी स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठा टोप आणला. तो काकींचा सणाचा टोप होता. काकींनी काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. माझ्या आईवरून सुरू होऊन ते वालीवच्या सगळ्या वर्कशॉपांपर्यंत गेलं. टोप मात्र परत मागितला नाही. ब्रेकचे पिस्टन मी रात्री वर्कशॉपचं कुलूप उघडून लेथवर नवे काढले. पेट्रोलची टाकी गळत होती, म्हणून बॉनेटमध्ये प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगून नळी जोडली. बॅटरी होडीची. आणि घासता घासता तेलाच्या लेपाखालून रंग निघाला: हिरवा, कच्च्या कैरीसारखा. काकांना तो लाल आठवत होता. ते बराच वेळ मोटारीकडे संशयानं बघत राहिले, बदलली की काय म्हणून.

शनिवारी मी पाहिलं तर त्यांनी मागच्या बंपरला दोर बांधला होता आणि दोराला होडीचा नांगर.

“काका, हे काय?”

“ब्रेक लागला नाय तर?”

“लागतो. मी बनवलाय.”

“म्हनून तर,” काका म्हणाले.

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली, काकी ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या, आणि आम्ही सेल्फ मारला. काहीच नाही. परत मारला. मोटार खोकली. तिसऱ्यांदा मारला, तेव्हा मागून निळा धूर निघाला, तोफ उडाल्यासारखा बार झाला, किल्ल्याच्या तटावरचे कावळे उठले आणि ती चालू झाली! सगळी गल्ली तळलेल्या मांदेलीच्या वासानं भरली. लोक दारात येऊन मोबाइल धरून उभे राहिले. एक बाई म्हणाली, “कुनाकडं जेवान हाय?”

काका स्टीअरिंगच्या चक्राशी बसले होते. मी शेजारी, मांडीवर नांगर. त्यांनी गिअर टाकला, आणि मोटार आपल्या पायानं शेडबाहेर आली. मी ओरडलो, गल्ली ओरडली. काका सरळ बघत होते, डोळे भरलेले. आणि मोटार पुढं पुढं चाललेली. उतार होता.

“काका, ब्रेक!”

काकांचा पाय हलेना. उभं आयुष्य होडीवर काढलेला माणूस. होडीला ब्रेक असतो कुठं? समोरच्या वळणावरून मिसाहून सुटलेली माणसं येत होती आणि सगळ्यांत पुढं काकी.

“नांगर!” काका गरजले. “नांगर टाक, फिटर!”

मी टाकला. देवाशपथ, दुसरं काही सुचलं नाही. नांगर रस्त्यावरून खणखणत गेला आणि बोंबील वाळवायला उभ्या केलेल्या बांबूंमध्ये अडकला. बांबूंची अख्खी रांग आमच्या मागून नाचत आली, दोर ताणला गेला, हिसका बसला आणि मोटार थांबली. काकींच्या लुगड्यापासून वीतभर अंतरावर. वरून बोंबलांचा पाऊस पडला. काही काकांच्या डोक्यावर राहिले.

इंजिन अजून चालू होतं, छान, एका लयीत, जसं काल संध्याकाळीच बंद केलं होतं.

काकींनी मोटारीकडे पाहिलं. मग मागं वळून उघड्या शेडकडे. मग नवऱ्याच्या डोक्यावरचा एक बोंबील उचलून, झटकून, माझ्या हातात दिला.

“तू उतर,” त्या मला म्हणाल्या.

मी उतरलो. दोर सोडला. काकींनी कमरेइतकं ते दार उघडलं, लुगडं सावरलं, आणि जमिनीला लागलेल्या त्या सीटवर अशा बसल्या जशा बाजारात आपल्या जागेवर बसतात, पाय ऐसपैस.

“मधला,” त्या काकांना म्हणाल्या. “त्यो ब्रेक. त्याच्यावर पाय ठेव आनि मंग चल.”

ती दोघं किल्ल्याच्या बाजूला दिसेनाशी झाली. मी मोडलेल्या बांबूंच्या मालकिणीच्या शिव्या खात, बोंबील वेचत थांबलो. एवढा वेळ झाला तरी येईनात. बाटलीतलं पेट्रोल किती, याचा हिशेब माझ्या डोक्यात फिरायला लागला. नळी निसटली असेल. तापली असेल. काका परत ब्रेक विसरले असतील आणि दोघं सरळ खाडीत गेली असतील. माझ्या मनात मी त्यांना तीनदा बुडवलं आणि दोनदा बाहेर काढलं.

मग तो आवाज आला. गल्लीच्या तोंडाशी हिरवं नाक दिसलं. काकींचा अंबाडा सुटून वाऱ्यानं अर्धा पाठीवर, अर्धा तोंडावर आलेला. काकांनी गाडी बरोबर दारात आणली, ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं. ते उतरेनात. चक्र धरून, समोर बघत, हळूच म्हणाले, “मंग? भंगारवाल्याला काय सांगू?”

काकी केसांचा पीळ घालत होत्या. अंबाडा पूर्ण बांधून होईपर्यंत त्यांनी सगळ्या गल्लीला ताटकळत ठेवलं.

“उद्या बाजारात हिच्यातून जाऊ,” त्या म्हणाल्या. “रिक्षावाले मासली घेत नाय.”