ओवलेल्या सुया

अंबडकर डॉक्टरीणबाई नाडी बघायच्या, जीभ बघायच्या, पाठीला नळी लावून श्वास ऐकायच्या आणि मग चष्मा कपाळावर ढकलून विचारायच्या, "बरं, तुम्हाला काय काय करता येतं?" दुखणं सांगायला आलेलं माणूस गडबडून जायचं. आपण दवाखान्यात आलोय की नोकरीच्या मुलाखतीला, हेच त्याला कळायचं नाही.

बेगमपुऱ्यात त्यांचा दवाखाना होता, वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. बुटक्या, जाडसर, कायम सुती साडी, आणि थंडीत वरून पुरुषी स्वेटर. जीभ अशी की पेशंटांच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आमच्या गल्लीतले एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर रोज सकाळी बीपी तपासायला यायचे. बाईंनी त्यांना मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळात टाळ वाजवायला धाडलं. मंडळाची माणसं तक्रार घेऊन आली की हे गृहस्थ टाळ फार जोरात वाजवतात, गाणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. बाई म्हणाल्या, "सोसा थोडं. त्यांचं बीपी उतरलंय, तुमचं चढलं तर माझ्याकडं या."

आमचा आणि त्यांचा खरा संबंध आला तो आईमुळं. बाबा गेले आणि अजिंठ्याजवळच्या गावाहून मी आईला माझ्याकडं घेऊन आले. मी एकुलती एक, जमीन बटाईनं दिलेली, दुसरं कोण होतं? पण आईच्या डोक्यात एकच बसलेलं, लेकीच्या दारात आपण फुकट बसून खातोय. अर्धी भाकरी खायची आणि पोट भरलं म्हणायची. दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत डोक्यावर पदर घेऊन बसायची, एसटीची वाट बघत बसावं तशी. छातीत कोंडतं म्हणायची, झोप नाही म्हणायची. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, कशातही काही निघालं नाही. ती मात्र उतरत चालली होती. बाबांच्या पाठोपाठ ही पण जाणार, या धास्तीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाईंनी आईलाही तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, मला काय येणार, जन्मभर रानात राबले, फार तर वाकळा शिवल्या. बाईंचे डोळे लकाकले. मागच्या गल्लीत जैतुनबी राहते, गोधड्या शिवून देते, तिच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, सुईत दोरा जात नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "गयाबाई, तुमची नजर चांगली आहे. दुपारी जाऊन तेवढ्या सुया ओवून द्या तिला."

"वळख ना पाळख, म्या कशी जाऊ?"

"ओवता ओवता ओळख होते. जा."

मी टॉनिक लिहून घ्यायला गेले होते, आणि ही बाई माझ्या आईला लोकांच्या सुया ओवायला पाठवत होती. मला असा राग आला! ते त्यांनी ओळखलं. जाता जाता मला थांबवून म्हणाल्या, "टॉनिक देते की. पण ते तुझ्या घरात बसून तिच्या अंगी लागायचं नाही."

आई गेली, ती केवळ डॉक्टरांचा शब्द मोडवत नाही म्हणून. जैतुनबी शहाणी बाई. गावाकडची म्हातारी आपल्या घरचं शिजवलेलं पहिल्या दिवशी खाईल न खाईल, म्हणून तिनं भाजक्या भुईमुगाच्या शेंगा सुपात घालून मधे ठेवल्या. शेंग सोलायची आणि तोंडात टाकायची, त्यात कुणाला कसला संकोच? दोघी शेंगा सोलत बसल्या. मग रोजच बसायला लागल्या. गोधडीचे टाके कडेनं सुरू करायचे की मधून, यावरून त्यांची कडाक्याची भांडणं व्हायची आणि घरी आल्यावर आई मला ती सगळी ऐकवायची. "त्या बाईला धड दिसत नाय न् शिकवती मला!" असं म्हणत ती ताटातली भाकरी संपवायची. पुढं ती जैतुनबीच्या हातचं पिठलंही खाऊन यायला लागली. एका संध्याकाळी तिनं आपणहून गुळाचा खडा मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दिवाळीच्या सकाळी मी फराळाचं ताट घेऊन जैतुनबीकडं गेले. ती दारात पाठमोरी बसली होती. सुया खोचून ठेवायची छोटी उशी तिच्या मांडीवर होती आणि आईनं आदल्या दिवशी ओवून ठेवलेल्या सुयांचे दोरे ती एकेक करून ओढून काढत होती. सगळ्या मोकळ्या झाल्यावर त्यातलीच एक सुई उचलून, नुसत्या बोटांच्या अंदाजानं तिनं झटकन दोरा ओवला आणि कुडत्याचं बटण लावायला घेतलं. मला बघून तिनं जीभ चावली.

"क्या करूं गे पोरी," ती म्हणाली. "बाई बोलल्या, एक दुखातली बाई येईल, जेवत नाय, तिला काम पायजे. तुला सुई दिसत नाय म्हण. आता ती रोज ओवती, तर मला रोज काढावं लागतं."

मी आईला काही बोलले नाही. पण आईच एकदा वाकळेवर तेल सांडलं म्हणून कुरकुरताना बोलून गेली. "मला काय कळत नाय व्हय? म्या लाल दोरा ओवून येती. दुसऱ्या दिवशी सुया मोकळ्या, न् गोधडीत लाल टाका एकबी नाय. पर तिचा लेक दूर सौदीला. म्या नाय गेले तर दुपारभर ती बोलंल कुणासंगं?"

मी धावत बाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुदकन हसल्या. ऑपरेशन झाल्यापासून जैतुनबी दार लावून घरात बसली होती, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, मग यातली पेशंट कोण आणि औषध कोण? "मला तरी कुठं माहीत?" बाई म्हणाल्या. "चहा घे आणि जा, बाहेर रांग लागलीय."

पुढं बरीच वर्षं गेली. एका लेकराला इंजेक्शन देताना बाईंचा हात थरथरला. त्याच दिवशी त्यांनी पाटी उतरवली आणि वर जाऊन दार लावून घेतलं. हैदराबादचा भाचा न्यायला आला, त्याला परत पाठवलं. कुणी भेटायला गेलं तर झोपल्येय म्हणायच्या. दूधवाला सांगू लागला की बाई आता दूधही घेत नाहीत. ते ऐकून आई खुर्चीतून उठलीच. "दार लावून बसनं म्या बघितलंय," म्हणाली. तिनं जैतुनबीला बोलावलं आणि दोघी म्हाताऱ्या कठडा धरून जिना चढल्या. मी मागं होते, एखादी पडली तर धरायला.

बाईंनी दार उघडलं. किती वाळल्या होत्या! आईनं सुयांची उशी आणि दोऱ्याचं रीळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं. आमच्या दोघींच्या नजरा गेल्या, तेवढ्या सुया ओवून द्या, म्हणाली.

बाईंनी उशी उचलून उलटसुलट करून बघितली. "गयाबाई, ही युक्ती माझी आहे."

"व्हय, तुमचीच. लागू पडती, म्हून आणली."

बाईंनी सुई उचलली. हात इतका थरथरत होता की दोरा सुईच्या आसपासही जाईना. जैतुनबी मदतीला पुढं झाली, तर आईनं तिचं मनगट घट्ट धरून तिला खाली बसवलं. बाईंनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, कोपर मांडीवर टेकवलं, टोक निसटलं, पुन्हा धरलं. शेवटी एकदाचा दोरा पार गेला. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "उद्या आणा बाकीच्या," म्हणाल्या.

"नक्को," जैतुनबी म्हणाली. "तुम्ही या. आमच्या गुडघ्यांना जिना झेपत नाय."

आणि बाई खाली उतरल्या. जैतुनबीच्या ओट्यावर तिघी रोज दुपारी बसायच्या. बाई एकेक सुई ओवायला पुष्कळ वेळ लावायच्या आणि गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायच्या, तुला काय काय करता येतं? दुसऱ्या दिवशी सुया पुन्हा मोकळ्या असायच्या. बाईंनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

थंडीतल्या एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. त्यांना पोचवून आल्यावर जैतुनबी ओट्यावर येऊन बसली, सवयीनं उशी मांडीवर घेतली आणि पहिल्या सुईचा दोरा चिमटीत धरला. आईनं तिच्या हातून उशी काढून घेतली. "आता ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली.

आता आईही नाही, जैतुनबीही नाही. ती उशी माझ्या कपाटात आहे, बाईंनी ओवलेल्या सुया तिच्यात तशाच आहेत. घरात कुणाचं बटण तुटलं की मी शहागंजच्या बाजारातून नवी सुई आणते.