तपासणी चालू आहे

समस्त जबलपूरकरांना अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण शुद्धीत कळवण्यात येते, की गढा मोहल्ल्यातल्या एका निळ्या फाटकावर जोवर लाल फडकं बांधलेलं दिसतं, तोवर शहरात कोणीही बाजारात नव्याने आलेला मदरबोर्ड विकत घेऊ नये. घेतल्यास आणि जळल्यास दुकानदार जबाबदार नाही. दुकानदार म्हणजे मी.

हसू नका. ही सूचना माझी नव्हे, काकांची; नात्याने ते माझे कोणी नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणत. माझ्या दुकानातून नवा बोर्ड घरी नेला की काका आधी फाटकाला लाल फडकं बांधत आणि मग चपला काढत. येणारा-जाणारा विचारायचा, "काकाजी, ये काहे के लिए?" काका घसा साफ करून सांगत, "तपासणी चालू आहे." समोरचा हिंदीभाषक आहे हे ध्यानात आलं की पुढे जोडत, "दूर से जाना."

काकांची सगळी नोकरी तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कोणी 'फॅक्टरीवाला' होऊन गेला त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. तिथे गोळे तयार झाले की प्रत्येक लॉटमधले चार-दोन उचलतात आणि मैदानात नेऊन खरोखर डागून पाहतात. त्याला प्रूफ म्हणतात. मैदानाच्या कडेला लाल झेंडा चढतो, गुरं-माणसं लांब जातात आणि भिंतीआड बसलेला एक माणूस दोरी ओढतो. तो माणूस म्हणजे आमचे काका. गोळा नीट गेला तर लॉट पास. नाही गेला तर साहेब असो की साहेबाचा साहेब, लॉट फेल. तीसेक वर्षं काकांनी ती दोरी ओढली आणि मग एके दिवशी शाल, नारळ, हातात एक भिंतीवरचं घड्याळ, आणि घरी. घरी ओढायला दोरी नाही.

मग ते जगालाच प्रूफ मागू लागले. खोव्याची जिलेबी पुढे केली की, "प्रूफ झालं का?" म्हणजे आधी दुसऱ्या कोणी खाल्ली का. नवा उड्डाणपूल सुरू झाला, "प्रूफ झालं का?" एकदा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एका लग्नात, नवरदेव घोड्यावरून उतरतो आहे, शेरवानीत घामाघूम झालेला, आणि काका नवरीच्या मामाला अगदी आपुलकीने विचारून राहिले आहेत, "प्रूफ झालं का?" मामा पुढची दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. लग्नही साधारण तेवढंच टिकलं.

नेपियर टाउनमधल्या माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले ते नातीच्या माउससाठी. मी तेव्हा डोक्याला हात लावून बसलो होतो. संगणकाच्या पोटात एक पाटी असते, तिच्यावर बाकीचं सगळं बसवतात, तो मदरबोर्ड. कंपन्या दर थोड्या महिन्यांनी नवा काढतात, आणि नवा निघाला की आठवड्याभरात इंटरनेटवर लोकांचा आक्रोश सुरू होतो. कोणाचा आपोआप बंद पडतो, कोणाला मेमरी दिसत नाही, कोणाला जळका वास येतो. कंपनी म्हणते, अपडेट येत आहे. नागपूरचा डीलर म्हणतो, उचला, नंतर मिळणार नाही. घ्यावा की न घ्यावा, या एका प्रश्नावर आमचा सगळा धंदा. मी ते रडगाणं काकांना ऐकवलं.

"मग यांचं प्रूफ कोण करतं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही, काका. गिऱ्हाईकच करतं."

ते खुर्चीतच ताठ झाले. "म्हणजे माणसाच्या घरात गोळा डागून पाहतात? अन् झेंडा पण नाही?"

त्या दिवशी ते माउस विसरले आणि बोर्ड घेऊन गेले. पूर्ण किमतीला. मी सवलत दिली नाही. जो माणूस आपण होऊन खड्ड्यात उडी मारतो त्याला कोणी शिडीचे पैसे देतं का?

त्यांची तपासणी तुम्ही पाहायला हवी होती. मी मुद्दाम गेलो होतो, नंतर चार लोकांना नक्कल करून दाखवायला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर उघडा बोर्ड, तारा जोडलेल्या. विजेच्या बटणाला सुतळी बांधलेली. ती सुतळी फ्रिजच्या खालून, देवघराच्या कडेने थेट स्वयंपाकघरात. तिथे गव्हाच्या कोठीमागे काका उकिडवे बसलेले आणि त्यांच्या शेजारी काकू, दोन्ही कानांत कापूस.

"काकू, तुम्ही काहून बसता?" मी विचारलं.

"मग कोण बसणार? स्टाफ कमी आहे," काकू म्हणाल्या.

काका ओरडले, "फायर!" सुतळी ओढली. टेबलावर पंखा भुर्रकन फिरू लागला, एक छोटा दिवा लागला. काकूंनी कानातला कापूस काढून डबीत ठेवला, पुढच्या वेळेसाठी. मग तीन दिवस बोर्ड चालू. मे महिना, जबलपूरचा मे महिना, आणि घरातला कूलर बंद. कारण, "लोकांकडे काय कूलर असतोच का? गर्मीत निघू दे." नवरा-बायको बनियन आणि ओला टॉवेल यांच्या जोरावर त्या बोर्डाची सेवा करत.

चौथ्या दिवशी निकाल. फॅक्टरीतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर, कार्बन घालून, तीन प्रतींत. खाली घरी कोरलेल्या रबराचा शिक्का: पास किंवा फेल. पहिली प्रत मला. दुसरी त्यांच्या शर्टाच्या खिशात, पुढचा बोर्ड येईपर्यंत. तिसरीवर लिहिलेलं असे, 'वरिष्ठांकडे माहितीसाठी'. आता वरिष्ठ आणायचे कुठून? ती प्रत ते काकूंना देत. काकू ती वाचून, घडी घालून पापडाच्या डब्यात ठेवत.

आणि गंमत अशी की हा म्हातारा कधी चुकला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. काकांनी फेल केलेला बोर्ड सगळ्या शहरात बोंबलायचा, आणि माझ्याकडे तो नसायचाच. लोक म्हणत, या माणसाला माल कळतो. मी मान लववून कौतुक घेत असे.

पाठीमागे आम्ही त्यांना बकरा म्हणत असू. दुकानात चहाला जमणारे चौघे-पाचजण, सगळे असेच, माझ्यासारखे. तोफांनी काकांचा एक कान गेलेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो डावा हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. ते स्टुलावर बसले की डाव्या बाजूला उभं राहून आम्ही म्हणायचो, "चलो, बकरा आला. नवा सुरा आहे का?" काका हसून चहा पीत. एक दिवस बोर्डाच्या पिना भिंगातून पाहता पाहता, मान वर न करता ते म्हणाले, "सुधीर, बकरा काहून म्हणता रे? नमुना म्हणा. आमच्याकडे नमुना म्हणत." मग जरा थांबून, "उजवा गेला आहे माझा. डावा चांगला आहे."

आमचे सगळ्यांचे चहा अर्धेच राहिले. काकांनी मात्र आपला संपवला.

आता मुख्य प्रसंग. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या एका कोचिंग क्लासने तीस संगणक मागवले. मुलांची परीक्षा संगणकावर होणार, तेव्हा सरावही संगणकावर. पंधरा दिवसांत हवे. त्याच सुमाराला नवा बोर्ड आलेला, इंटरनेटवर नेहमीचा आक्रोश, आणि डीलरकडे एकदम तीस मिळतील असा तोच एक प्रकार शिल्लक, म्हणून मी उचलून ठेवले. काकांनी फडकं बांधलं. चौथ्या दिवशी छत्री टेकवत आले आणि कागद पुढे ठेवला. फेल.

"दुपारच्या उन्हात तीन वेळा मेला अन् तीन वेळा आपोआप जिवंत झाला," काका म्हणाले. "प्रोसेसरच्या जागी तांबूस डाग पडून राहिला. परत पाठव."

"काका, कंपनी अपडेट देऊन राहिली ना."

"मग आल्यावर आण. मी पुन्हा पाहतो."

"थोडं उन्नीस-बीस चालतं, काका. पास करा ना. तुमच्या एका शिक्क्याचा तर प्रश्न आहे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे काकूंना उसनं मागितलं. "माझ्याकडे तेवढाच राहिला आहे, सुधीर," ते म्हणाले. "बाकी सगळं जमा करून घेतलं त्यांनी."

मी कागद खणात टाकला. वर चहाचे जुने कप ठेवले. आणि तीसच्या तीस बोर्ड बसवून दिले. काकांना सांगितलं, परत पाठवले. काका खूश. काकूंनी मला घरचे पापड पाठवले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, पण मला सांगू द्या, मजा माझी आहे. क्लासची पहिली सराव परीक्षा, पालक मागे खुर्च्यांवर, आणि दुपारी दोनच्या सुमारास खिडकीकडची अख्खी रांग अंधारी. मग दुसरी रांग. एका मुलीने रडायला सुरुवात केली, तिचं पाहून बाकीच्यांनी. क्लासचे सर तडक माझ्या दुकानात, हातात एक उपटलेला बोर्ड, मागे दोन पालक. आणि स्टुलावर कोण? काका. बशीत चहा ओतून घेताहेत.

"ये क्या दिया आपने?" सर ओरडले. "पेरेंट्स के सामने नाक कट गई हमारी!"

काकांनी बोर्ड पाहिला. ओळखला. डाग तर दुकानाच्या दारातूनही दिसत होता. त्यांनी बशी खाली ठेवली.

आणि मी, हो मीच, काकांकडे बोट करून म्हणालो, "सर, हमारे यहाँ टेस्टिंग काकाजी देखते हैं. इन्होंने पास किया था."

काकांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे दुसरी प्रत होती. मला दिसत होती. पातळ कागद, पातळ कापड, त्यातून शिक्क्याचा निळा चौकोन. त्यांनी दोन बोटांनी कागद थोडा वर ओढला. मग त्यांनी तो पुन्हा आत सरकवला, खिशाचं बटण लावलं. बटण घट्ट होतं, वेळ लागला.

"सर," ते उभे राहून म्हणाले, "देखने में कमी मेरी रही."

सर म्हणाले, "काकाजी, इस उमर में घर बैठिए. भजन कीजिए."

आमचे चहावाले चौघे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. सुटकेचं हसू फार मोकळं असतं. काका म्हणाले, "चलो," आणि छत्री न घेताच निघाले. मी बोर्ड बदलून दिले, जुन्या पद्धतीचे, खात्रीचे. सर शांत झाले, धंदा वाचला. छत्री अजून दुकानात आहे. पावसात उपयोगी पडते.

त्यानंतर काका आले नाहीत. मला बोलवायला जायचं होतं, पण तुम्ही जाणताच, सीझन असतो, मुलीचं ॲडमिशन असतं. वर्ष गेलं. मग या मेमध्ये पुन्हा नवा बोर्ड आला आणि इंटरनेटवर पुन्हा लोक ऊर बडवू लागले. या वेळी डीलरचा रोज फोन. उचलू की नको? दोन लोकांना विचारलं, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. मी स्वतः एक जोडून पाहिला, तर पंखा फिरला, मला काहीच कळलं नाही. तेव्हा मी बोर्डाचं एक खोकं उचललं, या वेळी फुकट द्यायचं असं मोठं मन केलं, वर अर्धा किलो खोव्याची जिलेबी घेतली, आणि स्कूटर गढ्याकडे वळवली.

निळ्या फाटकावर लाल फडकं होतं. उन्हाने पार गुलाबी झालेलं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, म्हातारा कोणा दुसऱ्या दुकानाचं काम करून राहिला आहे. फितूर! आता याला चांगला खडसावतो.

दार काकूंनी उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. आत जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र नव्हतं, फोटो होता. फोटोला हार. हारही सुकत आलेला.

"पंधरा दिवस झाले," काकू म्हणाल्या. "झोपेतच. सगळे येऊन गेले. तुम्हाला कळवू नका असं मीच सांगितलं."

"पण काकू, ते बाहेर फडकं..."

"त्या दिवशी दुकानातून आले अन् बांधलं. मग वर्षभर काढू दिलं नाही. म्हणे, लॉट अजून निकाली निघाला नाही."

त्या आत गेल्या. पापडाचा डबा उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी एक घडी केलेला कागद माझ्या हातातल्या खोक्यावर ठेवला. तिसरी प्रत. 'वरिष्ठांकडे माहितीसाठी'. खाली निळा शिक्का: फेल. तारीख गेल्या वर्षीची.

"मला माहीत होतं हो," त्या म्हणाल्या. "मी रोज म्हणत होते, जाऊन दाखवा त्या मास्तरला. तर म्हणे, सुधीरचं दुकान आहे, बायको-पोरं आहेत. माझं काय, मी रिटायर आहे."

तुम्ही मला ओळखता. मला शब्दांची वाण कधी पडली नाही. माफीची चार वाक्यं जिभेवर तयार होती, त्यातली दोन तर चांगली होती, डोळ्यांत पाणीही आलं होतं. मी खोकं छातीशी धरलं, त्यावरचा कागद घसरू नये म्हणून हनुवटीने दाबला, फोटोकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. बाहेर जे पडलं ते हे:

"काकू, मग आता हा बोर्ड कोण तपासणार?"