चिरिनोच्या पुस्तिकेतलं चौदावं पान

कातानियात कार्मिनेच्या चर्चसमोर जो बाजार भरतो, त्यात चपलांचे ढीग आणि आर्टिचोकच्या भाजीगाड्या यांच्या मधोमध चिरिनो तोरिसीचं बॅगांचं दुकान आहे. त्या शहरात घरटी एक माणूस तरी उत्तरेला नोकरीला गेलेला, त्यामुळे बॅगा खपायला काही कमी नव्हतं. पण चिरिनोची ख्याती बॅगांमुळे नव्हती. बॅगेबरोबर तो एक पुस्तिका फुकट द्यायचा: 'इटलीचे मुख्य विमानतळ. एका अनुभवी माणसाचं मार्गदर्शन.' अनुभवी माणूस म्हणजे तो स्वतःच, हे सांगायला नकोच.

आणि अनुभव अस्सल होता बरं का. दर जानेवारीत, तिकिटं स्वस्त झाली की, तो एकेक विमानतळ गाठायचा. सकाळी जायचा, संध्याकाळी परत यायचा, आणि विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकायचा नाही. व्हेनिसला तो चारदा जाऊन आला होता आणि पाण्यातला एक खांबही त्याने पाहिला नव्हता. "चिरिनोशेठ, कसं आहे व्हेनिस?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की तो म्हणायचा, "बाथरूम उजवीकडे, सरकत्या जिन्यामागे. स्वच्छ आहे." लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तो बायकोला, नुंझियाताला, हौसेनं व्हेनिसला घेऊन गेला आणि सामान येतं ते सगळे सरकते पट्टे दाखवून संध्याकाळी घरी घेऊन आला. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. बाजारात ती ऐकली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, कारण नुंझियाता ती सांगायला स्वतः दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायची.

पुस्तिकेत प्रत्येक विमानतळाला एक पान, आणि प्रत्येक पानावर चार नोंदी: चालणं, कॉफी, बसायचा कोपरा, अडल्यास. रोमचं चालणं: 'बूट सैल घाला, नवस बोला.' मिलानबद्दल लिहिलं होतं, 'मिलानचे विमानतळ तीन. एक मिलानात, एक मिलानबाहेर, तिसरा मिलान म्हणतं म्हणून.' कॉफीच्या बाबतीत चिरिनो भलता कंजूष. 'बरी आहे' याच्या वर एकही विमानतळ गेला नव्हता, आणि तेवढं मिळवणारेसुद्धा दोनच. 'अडल्यास' या नोंदीवर मात्र त्याचा जीव होता. तिथे तो एका माणसाचं नाव द्यायचा, असा माणूस की ज्याच्याशी तो स्वतः बोललाय, ज्याच्यावर विसंबता येईल. बोलोन्याला कातानियाचाच एक कॉफीवाला, रोमला औषधाच्या दुकानातली बाई, बारीला बूट पॉलिश करणारा एक म्हातारा. आईबाप आपल्या पोरांना ती नावं पाठ करायला लावायचे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नियम होता: 'या पुस्तिकेत नाही ते करू नये.'

तेराव्या पानावर नापोली. पंधराव्यावर पिसा. मधलं चौदावं पान, अक्षरांच्या क्रमानं पालेर्मोचं, कोरं, आणि त्याच्या मधोमध एक ओळ: 'या पानाची गरज नाही.'

कातानियातल्या माणसानं पालेर्मोबद्दल वाकडं बोलावं हा रिवाजच आहे, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट लोकांनी ते पान मिटक्या मारत वाचलं. पण चौदाव्या पानामागचं दुखणं वेगळं होतं. चिरिनोची धाकटी बहीण सारिना पालेर्मोला दिलेली. वडील लवकर गेले, तेव्हा चिरिनोनंच तिला वाढवलं. फेब्रुवारीत कातानियाची ग्रामदेवता संत आगाता हिच्या जत्रेला, पांढरा झगा घालून, तिला खांद्यावर बसवून तो चांदीच्या रथामागे चालायचा. तिचे पाय जमिनीला लागायला आले तरी उतरवायचा नाही. मग ती पालेर्मोच्या गास्पारेच्या प्रेमात पडली. गास्पारे कवळ्या बनवायचा. माणूस गरीब, पण जिभेला हाड नाही. अकरा वर्षांपूर्वी सारिनाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, सगळे जेवायला बसले, आणि आइस्क्रीम वाढता वाढता गास्पारे म्हणाला, "तसं बघायला गेलं तर संत आगाता आमचीच. जन्मली पालेर्मोत. तुमच्याकडे तिचे नुसते हाल झाले."

चिरिनोनं हातरुमालाची घडी घातली, टोपी उचलली आणि दोनशे किलोमीटर गाडी हाकून घरी आला. गास्पारेला त्यानं एकवेळ माफ केलं असतं. पालेर्मोचा माणूस, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार! पण सारिना हसली होती. खळखळून, टेबलावर हात आपटून हसली होती. ते त्याला विसरता येईना.

अकरा वर्षं भाऊबहीण बोलले नाहीत. मधे त्यांची आई, दोन्ना सांतीना, वय एक्क्याऐंशी. ती दोघांकडे जायची, दोघांकडे जेवायची, आणि एकाकडे दुसऱ्याचं नाव काढलं की समोरचा खिडकीबाहेर बघायचा. मोठी हट्टी म्हातारी, पण या दोघांपुढे तिनंही हात टेकले होते.

त्या वर्षी हिवाळ्यात ती मधल्या मुलाकडे, बेर्गामोला, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेली. तीन फेब्रुवारीला दुपारी परत यायची होती, कारण चार तारखेला पहाटे संत आगाता देवळाबाहेर येते आणि एक्क्याऐंशी वर्षांत सांतीनानं ती पहाट कधी चुकवली नव्हती. मधल्या मुलानं तिला विमानात बसवलं, हातात चिरिनोची पुस्तिका दिली. इकडे चिरिनो नवा शर्ट घालून तयार. निघण्यापूर्वी सवयीनं त्यानं गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"नुंझिया, डोंगर शिंकला."

एटनाचा ज्वालामुखी शिंकला की कातानियात राख पडते. बायका फडकी घेऊन बाहेर येतात, पुरुष छत्र्या उघडतात आणि विमानतळ बंद होतो. यात नवल काहीच नाही. अशा वेळी विमानं कुठे जातात ते चिरिनोला तोंडपाठ होतं. कोमिसोला जातात, नाहीतर... नाहीतर दुसरीकडे. बाराला फोन आला. विमान दुसरीकडे गेलं होतं.

विमान कंपनीची बस सगळ्यांना कातानियाला आणणार होती. चिरिनोनं आईला फोन लावला.

"आई, बसमध्ये बस."

"कुठल्या बसमध्ये?"

"दाराशी उभी असेल ती. सरळ घरी आणून सोडेल."

"पुस्तकात नाही."

"आई, पुस्तक मीच लिहिलंय!"

"म्हणून तर म्हणते. तेरावं पान नापोली, पंधरावं पिसा. मधे तूच लिहिलंयस की या पानाची गरज नाही. म्हणजे मी बसलेय ती जागाच नाही. नसलेल्या जागेवरून बस सुटेल कशी रे बाबा?"

"आई, हट्ट करू नकोस. उद्या पहाटे जत्रा आहे."

"पहिल्या पानावर काय लिहिलंयस? पुस्तिकेत नाही ते करू नये. मी काही आता या वयात नियम मोडायची नाही."

मग फोनवर विमानतळावरची एक मुलगी आली. ती रडकुंडीला आली होती. "साहेब, बस पंधरा मिनिटं थांबवली होती. ड्रायव्हरनं हात जोडले. आजी त्याला म्हणाल्या, तुझं नाव 'अडल्यास'मध्ये दाखव. शेवटी बस गेली हो."

 म्हातारीनं परत फोन ओढून घेतला. "आणि हे बघ, दर दोन तासांनी डोळ्यात औषध घालायचंय. बाराचं राहिलंच. मला काही घालता येत नाही, हात थरथरतो. दोनचं चुकलं तर डोळा जाईल, असं डॉक्टर म्हणाला." आणि फोन ठेवला.

पाचव्या मिनिटाला चिरिनो आणि नुंझियाता दुकानाच्या व्हॅनमधून निघाले. वायपर काचेवरची राख इकडून तिकडे ढकलत होते. पालेर्मोच्या महामार्गाचं काम कैक वर्षं चालूच आहे. जिथे रस्ता आहे तिथे मजूर आणि जिथे मजूर नाहीत तिथे रस्ता नाही. एक वाजून गेला तरी व्हॅन एका कोंबड्यांच्या ट्रकमागे रांगत होती.

"सारिनाला फोन कर," नुंझियाता म्हणाली.

"कोण सारिना?"

"तुझ्या आईच्या पोटची! तिच्या घरापासून विमानतळ पाऊण तास. आपल्याला अजून तीन."

"मी पोचतो."

"पोचशील रे. व्हेनिसला पोचलास तसा. आईच्या डोळ्यापेक्षा तुझं नाक मोठं झालं का? सोळा विमानतळांवर परक्या माणसांची नावं लिहून ठेवलीस. आणि एका ठिकाणी सख्खी बहीण आहे, तर तिथे पान कोरं!"

 पुढच्या पेट्रोल पंपावर चिरिनोनं गाडी वळवली. नंबर बायकोला विचारावा लागला नाही. अकरा वर्षांत तो एकदाही लावला नव्हता, तरी एकही आकडा अडला नाही. पालेर्मोचं नाव टाळून तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसा बोलला.

"नमस्कार. पुन्ता राइसी विमानतळावर एक वयस्कर प्रवासी अडकल्या आहेत."

पलीकडून सारिना म्हणाली,

"दादा?"

"नाव सांतीना. वय एक्क्याऐंशी. दोन वाजता डाव्या डोळ्यात औषध घालायचंय. जेवल्या नसाव्यात."

"दादा, तुझा आवाज असा का येतोय?"

"बोगद्यात आहे."

"चपला घालतेय. निघालेच."

फोन बंद झाला. नुंझियातानं पंपावर चहूकडे नजर फिरवली. "बोगदा कुठेय?" तिनं विचारलं आणि पर्समधून रुमाल काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

पालेर्मोच्या विमानतळावर ते पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. चिरिनो आत शिरला आणि डोळ्यांना काही दिसायच्या आधी त्याच्या कानांनी ओळखलं. खळखळून, टेबलावर हात आपटून कुणीतरी हसत होतं. ज्या हसण्यावरून तो ताटावरून उठून गेला होता तेच हसणं, आणि आता त्या आवाजाच्या रोखानं तो जवळजवळ पळतच निघाला. आपण या हसण्यावर रुसलो नव्हतो, त्याला मुकलो होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर आई राणीसारखी बसली होती. समोर भरल्या वांग्यांचा डबा, पाव, संत्री. शेजारी सारिना. गास्पारे उभ्यानं संत्रं सोलत होता.

"जाड झालास," सारिना म्हणाली.

"व्हॅनचं सीट अरुंद आहे," चिरिनो म्हणाला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पांढरे झाले गं केस." सारिनानं त्याच्या नव्या शर्टाला तोंड पुसलं आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

गास्पारेनं अवघडून कॉफीचा छोटा कप पुढे केला. "घ्या. इथलीच आहे."  चिरिनोनं एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला.

"बरी आहे," तो म्हणाला.

नुंझियाता खुर्चीतच बसली. त्या शब्दाची किंमत तिला ठाऊक होती.

तेवढ्यात दोन्ना सांतीनानं घड्याळ बघितलं, पर्समधून बाटली काढली, मान मागे टाकली आणि थरथर नाही की काही नाही, नेमका एक थेंब डाव्या डोळ्यात सोडला.

चिरिनो बघतच राहिला. "आई, तुला घालता येतं?"

"मग तीन आठवडे कोण घालत होतं? तुझा भाऊ सकाळी सातला कामाला जातो."

"आणि बाराचं?"

"बाराचं विमानातच घातलं."

"मग बस का सोडलीस? त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला हात जोडायला लावलेस!"

"बसनं गेले असते तर मला एकच लेकरू भेटलं असतं," म्हातारी डोळा पुसत म्हणाली. "अकरा वर्षं म्हणतेय, कधीतरी डोंगर शिंकेल. शिंकला आज. चला आता, जत्रा गाठायचीय. तुम्हीही चला हो गास्पारे. आणि वाटेत कुणी आगाताचा विषय काढायचा नाही. तिचा जन्म कुठे झाला ते तिच्या आईला ठाऊक. आपण मेणबत्ती लावू."

व्हॅनमध्ये पुढे आई आणि चिरिनो, मागे बॅगांच्या खोक्यांवर तिघं. अर्ध्या वाटेवरच्या एन्नापर्यंत गास्पारेनं जीभ दाताखाली धरून ठेवली, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. पहाटे चांदीचा रथ चौकात आला. सारिनाला खांद्यावर घेणं आता कुणाच्या बापाला जमलं नसतं, म्हणून चिरिनोनं ढकलाढकल करून तिला कारंज्याच्या कठड्यावर चढवलं आणि पडू नये म्हणून तिचे पाय धरून उभा राहिला.

मार्चमध्ये पुस्तिकेची आठवी आवृत्ती निघाली. बाजारात खळबळ उडाली. पालेभाजीवाल्यानं चौदावं पान मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चिरिनोला तोंडावर फितूर म्हटलं. चिरिनोनं शांतपणे बॅगेची चेन लावली. पान असं होतं:

'पालेर्मो. चालणं: थोडं. कॉफी: बरी आहे. बसायचा कोपरा: आत गेल्यावर टोकाला, डबा उघडता येईल असं टेबल. अडल्यास: सारिना, माझी बहीण. खाली नंबर आहे. तिला फोन करा. ती येते.'